ज्यांची साक्ष कोणी घेतली नाही

अहमदनगर शहराचा इतिहास सांगावयास बसलेला मनुष्य बहुधा किल्ल्यापासून आरंभ करतो, आणि त्यात वावगे असे काही नाही. कारण १४९० साली निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने बहामनी फौजेचा पराभव केल्यावर सीना नदीच्या काठी जे शहर वसले, त्याच्या पुढील कैक पिढ्यांच्या उलथापालथी त्या तटाच्या आतबाहेरच घडल्या. सुलतान, वजीर, मोगल सुभेदार, मराठ्यांचे किल्लेदार आणि १८०३ च्या ऑगस्टात किल्ला सर करणारी इंग्रज सेनापती वेलस्लीची पलटण, या सर्वांची हकीकत तवारिखांत, बखरींत आणि दप्तरांत नोंदलेली आहे. परंतु आज सरकारदरबारी अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या याच शहरात जी मुले जन्मली, विकत आणली गेली, शिकवली गेली, राबवली गेली आणि मारली गेली, त्यांचा माग काढू जाता असे आढळते की, ती या सर्व कागदांत आहेत खरी, पण नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी व्यवहाराचा विषय म्हणून आहेत. कोणी त्यांना गादीवर बसविले, कोणी विकले, कोणी गहाण ठेविले, कोणी सन्मार्गास लावण्यासाठी झोडपले. त्यांच्यावर काय गुदरले हे त्यांना स्वतःला कोणी विचारल्याचा दाखला, अगदी अलीकडचा काळ येईतो, जवळजवळ सापडत नाही. आणि माझी अशी धारणा आहे की, मुलांवरील हिंसा या शहरात शतकानुशतके ज्या आधारांवर टिकून राहिली, त्यांत साक्षीचा हा अभाव सर्वांत भक्कम होता.

प्रथम राजपुत्रच घेऊ, कारण त्यांची नावे तरी उरली आहेत. १५९५ साली इब्राहीम निजामशाह विजापूरकरांशी लढताना पडला, तेव्हा त्याचा मुलगा बहादूर तान्हा होता. दरबारात तट पडले. वजीर मियाँ मंजूने अहमद नावाच्या एका दुसऱ्याच मुलाला निजामशाही वंशाचा ठरवून गादीवर बसविले आणि खऱ्या वारसाची रवानगी जुन्नरजवळच्या चावंडच्या किल्ल्यावर केली. चांदबिबीने या तान्ह्या मुलाचा हक्क उचलून धरला, मोगलांचा वेढा शौर्याने परतविला, वऱ्हाड देऊन तह केला आणि बहादूरला चावंडहून आणवून तख्तावर बसविले. तिच्या त्या शौर्याचे वर्णन आपण शाळेत वाचतो. चार वर्षांनी, १६०० साली, तिच्याच लोकांनी तिला ठार केले, किल्ला मोगलांच्या हाती गेला आणि बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात बंदिवासात धाडण्यात आले, हेही वाचतो. परंतु ज्या वयात पोराने अंगणात धुळीने माखावे, त्या वयात एका तुरुंगातून सिंहासनावर आणि सिंहासनावरून दुसऱ्या तुरुंगात गेलेल्या त्या मुलाचा विचार आपल्या मनाला सहसा शिवत नाही.

आणि तो एकटा नव्हता. वजीर फत्तेखानाने एका निजामशाहाचा वध करून हुसेन नावाच्या पोराला गादीवर बसविले; १६३३ साली दौलताबाद पडताच तोही ग्वाल्हेरच्या वाटेला लागला. त्यानंतर शहाजीराजांनी याच जिल्ह्यातील संगमनेरच्या बाजूच्या पेमगिरीच्या किल्ल्यावर मुर्तझा नावाच्या बालकाला निजामशाह म्हणून पुढे केले. राजांनी त्याला मांडीवर घेऊन कारभार केला, अशी आख्यायिका त्या मुलखात अजून सांगतात. शहाजीराजांच्या कर्तृत्वाविषयी मला जो आदर आहे त्यात उणेपणा येऊ न देताही हे नमूद केले पाहिजे की, १६३६ साली माहुलीस तह झाला तेव्हा त्या तहाच्या कलमांत हे बालक मोगलांच्या स्वाधीन करण्याचे एक कलम होते. किल्ले, तोफा आणि मुलूख यांच्या पंक्तीत एक मूल आले, आणि त्या काळच्या कोणाही मुत्सद्द्यास त्यात विपरीत असे काही वाटले नाही.

तख्तावरच्या मुलाची जर ही अवस्था, तर बाजारातल्या मुलाची काय असेल? त्याचे उत्तर नगरच्या इतिहासातील सर्वांत थोर पुरुषाच्या चरित्रातच आहे. मलिक अंबर, ज्याने निजामशाही मोडकळीस आली असता पाव शतक मोगलांना रोखून धरले, ज्याची जमीनमहसुलाची पद्धत पुढील राजवटींनीही स्मरणात ठेविली, आणि जो १६२६ साली वारल्यावर खुलताबादेस चिरविश्रांती घेत आहे, तो हबशाणात चापू नावाचा एक पोर होता. लहानपणीच तो गुलाम झाला, हातोहात विकला जात अरबस्तान आणि बगदाद या मार्गाने दक्षिणेत आला, मार्गातच त्याचे मूळ नाव गेले, आणि निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला खरेदी केले. चंगीझखान स्वतःही गुलामगिरीतूनच वर चढलेला होता, आणि त्याच्या पदरी असे एक हजार हबशी होते असे सांगतात. अंबर मोठा झाला म्हणून आपल्याला त्याचे बालपण ठाऊक झाले. राहिलेल्या नऊशे नव्व्याण्णवांच्या आयांनी आपल्या मुलांची वाट किती वर्षे पाहिली असेल, हे कोणत्याही तवारिखेत लिहिलेले नाही. अंबराच्या पराक्रमाचे निमित्त करून त्या काळच्या गुलामगिरीला सौम्य म्हणणारे लेखक माझ्या वाचनात आले आहेत. त्यांचा युक्तिवाद मला कधीही पटलेला नाही. एका मुलाने मृत्यूच्या दाढेतून निघून राज्य चालविले, यावरून ती दाढ मऊ होती असे सिद्ध होत नाही.

मराठेशाहीतही हा व्यापार थांबला नाही, त्याचे रूप मात्र बदलले. कुणबिणी आणि बटकी यांची खरेदी-विक्री, त्यांच्या किमती, पळून गेलेल्यांचा शोध, याविषयीचे कागद पेशवे दप्तरात आहेत, आणि कुणबिणीच्या पोटी आलेले मूल तिच्या धन्याचेच समजले जाई. दुष्काळ पडला की या बाजारास ऊत येई. यशवंतराव होळकरांच्या फौजांनी मुलूख उद्ध्वस्त केल्यावर १८०३-०४ साली जो दुष्काळ पडला, त्यात नगर प्रांताची अशी दैना झाली की, वेलस्लीला आपल्या लष्कराच्या भांडारातून उपाशी रयतेस अन्न देण्याची व्यवस्था नगरास करावी लागली. अशा वेळी बापाने पोर विकले, तर त्याला निर्दय म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. विकत घेणाऱ्याविषयी मात्र मला तसे म्हणता येत नाही. कंपनी सरकारने १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेतली. पुढे १८६० च्या दंडसंहितेत अल्पवयीन मुलीला वेश्यावृत्तीसाठी विकणे आणि विकत घेणे या दोहोंना स्वतंत्र कलमे लावावी लागली, यावरूनच पहिल्या कायद्याने बाजार उठला नव्हता हे स्पष्ट होते.

येथवर जी हिंसा आली ती राज्याची आणि बाजाराची. आता जिला समाजाने पुण्यकर्म मानले त्या हिंसेकडे वळतो, आणि येथे मी काहीसा रेंगाळणार आहे; कारण गुलामगिरीचा आपल्याला संकोच तरी वाटतो, पंतोजीच्या छडीचा मात्र अजून अभिमान वाटतो.

इंग्रजी अंमल बसल्यावर एल्फिन्स्टनच्या सरकारने १८२४ च्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांच्या कलेक्टरांकडून गावठी शाळांची माहिती मागविली. ती कागदपत्रे रा. वि. परुळेकरांनी आपल्या काळात परिश्रमपूर्वक संकलित करून प्रसिद्ध केली. त्यांवरून एकंदर चित्र असे दिसते: देवळाची ओसरी किंवा एखाद्या सावकाराच्या वाड्याची पडवी, पुढे धूळपाट्या घेऊन बसलेली ब्राह्मण-वाण्यांची आणि क्वचित कुणब्यांची पोरे, मोडी अक्षर, पावकी-निमकीची उजळणी, आणि पालकांकडून मिळणाऱ्या धान्यावर व सणावारच्या दक्षिणेवर कसाबसा गुजारा करणारा पंतोजी. शाळा किती आणि पटावर पोरे किती, हे कलेक्टरांच्या अहवालांतून कळते. त्या पोरांच्या पाठीचे काय झाले, ते मात्र पुढे वृद्धपणी लिहिलेल्या आठवणींतूनच कळते. चिंचेची फोक तळहातावर ओढणे ही त्यांतली सर्वांत साधी शिक्षा. अंगठे धरून ओणवे उभे करणे, त्या ओणव्या पाठीवर दगड ठेवणे, कोंबडा करणे, खड्यांवर गुडघे टेकविणे, आणि फारच अवखळ पोर असल्यास हात बांधून आढ्याला टांगणे, इथवर त्या शास्त्राची प्रगती झालेली होती. शाळेत न आलेल्या पोरास धरून आणण्यासाठी थोराड पोरांची टोळी पाठविली जाई, आणि बाप आपल्या हाताने त्याला त्या टोळीच्या ताब्यात देई.

या पंतोजीला राक्षस ठरविणे अन्यायाचे होईल. तो दरिद्री होता, एकटा होता, नाना वयांची पोरे एकाच ओसरीवर त्याला सांभाळावी लागत, आणि तोही अशाच एका ओसरीवर मार खाऊनच शिकलेला होता. पण म्हणून त्या माराचे गोडवे गावेत हे मला मान्य नाही. त्या छडीने आम्ही घडलो, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. जे मोडले, जे शाळा सोडून कायमचे गुरांमागे गेले, ज्यांच्या मनातून अक्षराची गोडी भयाने पुसून गेली, त्यांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. छडीच्या बाजूने साक्ष देणारे सर्व साक्षीदार त्या परीक्षेतून पार पडलेलेच आहेत, आणि असा एकतर्फी पुरावा कोणतीही कचेरी ग्राह्य धरणार नाही.

कायद्याने मात्र दीर्घकाळ तो ग्राह्य धरला. बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी, पालकाच्या संमतीने, सद्भावनेने केलेले कृत्य अपराध नव्हे, असे दंडसंहितेचे ८९ वे कलम सांगे. आणि मास्तरांच्या माराला न्यायालयांत हे कलम ढालीप्रमाणे वापरले गेले. सद्भावना कोणाची हे पाहिले गेले, संमती पालकाची पाहिली गेली, आणि ज्याच्या हिताचा हा सारा विचार, तो मात्र कोपऱ्यात हात चोळीत उभा राहिला. शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना स्पष्ट मनाई करणारे १७ वे कलम शिक्षणहक्काच्या कायद्याने आणले ते २००९ साली. म्हणजे दंडसंहितेनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी.

नगरला शिक्षणाच्या बाबतीत एक निराळी परंपराही लाभली होती, हे सांगितले नाही तर चित्र अपुरे राहील. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे येथे झाले आणि १८३९ पासून सिंथिया फॅरार या अविवाहित अमेरिकन शिक्षिकेने येथे मुलींच्या शाळा चालविल्या. १८६२ साली तिचा अंत झाला तोही नगरातच. तिच्या शाळा पाहूनच जोतीराव फुल्यांच्या मनात मुलींच्या शाळेचा विचार दृढ झाला, आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे काही शिक्षण तिच्याकडे घेतले असे मानले जाते. मिशनच्या धर्मप्रसाराविषयी कोणाचे काहीही मत असो, ज्या मुलींना गावठी शाळेच्या ओसरीची पायरीही चढता येत नव्हती, त्या मुलींना पुढे बसवून एका बाईने शिकविले, ही घटना या शहराच्या बालकांच्या इतिहासात किल्ल्याच्या कोणत्याही वेढ्यापेक्षा मला मोठी वाटते.

१८७६-७८ चा दुष्काळ आणि त्यानंतरचा १८९९-१९०० चा छपन्नचा दुष्काळ, या दोन्हींनी नगर जिल्ह्याची कंबर मोडली. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्यांत पोरेही होती, आणि त्यांच्यासाठी मोठ्यांहून कमी मजुरीची निराळी प्रत ठरविलेली होती. आईबाप वाटेतच गेले त्या पोरांना मिशनच्या अनाथाश्रमांनी आसरा दिला. या आश्रमांवर धर्मांतराचा आक्षेप त्या काळीही घेतला गेला, आणि तो सर्वस्वी निराधार नव्हता. पण आक्षेप घेणाऱ्या किती वाड्यांचे दरवाजे त्या पोरांसाठी उघडले, याचाही हिशेब व्हावयास हवा. अन्न, वस्त्र आणि सुतारकीसारखा हुन्नर देणाऱ्या या छपराखाली पोराला नवे नाव मिळे. हबशाणातल्या चापूचे नाव व्यापाऱ्यांनी बदलले होते, येथे उपकारकर्त्यांनी बदलले. हेतूंत जमीनअस्मानाचे अंतर असले, तरी पोराचा होकार दोन्ही वेळी गृहीतच धरलेला होता.

विसाव्या शतकात नगर आणि संगमनेर ही विड्यांच्या धंद्याची मोठी केंद्रे झाली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांच्या घरोघरी सुपात तंबाखू आणि टेंभुर्णीची पाने घेऊन बायका विड्या वळीत, आणि त्यांच्या शेजारी बसून पोरी पाने कातरीत, विडीची तोंडे मुडपीत, जुड्या बांधीत. कारखानदाराचा माणूस विड्या पारखून छाट बाजूला काढी, आणि छाटीची मजुरी मिळत नसल्याने पोरीच्या बोटांची चूक आईच्या हिशेबात वजा होई. मग त्याचे पर्यवसान पोरीच्या पाठीवर धपाटा बसण्यात होई, हे निराळे सांगावयास नको. हिंदुस्थानातील मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने १९३१ साली आपल्या अहवालात विड्यांच्या कारखान्यांतील मुलांच्या हालांकडे लक्ष वेधले. आईबापांनी कारखानदाराकडून उचल घ्यावी आणि ती फिटेतो पोराचे श्रम तारण म्हणून लावून द्यावेत, ही चाल इतकी रूढ होती की, ती बंद करण्यासाठी १९३३ साली मुलांचे श्रम गहाण ठेवण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. अशा करारनाम्यास निरर्थक ठरविणारा तो कायदा. पण बालमजुरीवरील १९३८ चा आणि विडीकामगारांसाठीचा १९६६ चा हे कायदेही विड्या वळण्याचे काम कारखान्यातून घरात ढकलू शकले, घरातून उठवू शकले नाहीत. घराच्या उंबरठ्याशी येऊन कायदा थबकतो, हे नगरच्या विडीने जितके स्पष्ट दाखविले तितके दुसऱ्या कशानेही दाखविले नाही.

आणि ज्या मुलांना उंबरठाच नव्हता त्यांचे काय? नगरच्या भर बाजारपेठेलगत चित्रा गल्ली नावाची वेश्यावस्ती होती. शहरातील सभ्य माणसे तिच्या तोंडावरून मान खाली घालून जात, आणि ही मान खाली घालणे हीच आपली नीतिमत्ता असे समजत. आत खोल्यांतून राहणाऱ्या स्त्रियांची मुले, आई धंद्याला बसली म्हणजे खाटेखाली किंवा रस्त्यावर रात्र काढीत. मारहाण, दारू आणि गुंडगिरी यांच्या सान्निध्यात ती वाढत. मुलगी असल्यास तिचे भवितव्य गल्लीने आधीच ठरविलेले असे. १८६० च्या दंडसंहितेतील ती दोन कलमे या गल्लीलाही लागू होती. १९२४ च्या मुंबई बालक अधिनियमाने निराधार आणि धोक्यात असलेल्या मुलांना सरकारने ताब्यात घेऊन सांभाळण्याची तरतूद केलेली होती. कायदा होता, पोलीस चौकी होती, नगरपालिका होती. फिर्याद द्यावयास मात्र कोणी नव्हते.

१९८९ साली गिरीश कुलकर्णी नावाच्या एका महाविद्यालयीन तरुणाने आपल्या मित्रांसह स्नेहालय ही संस्था स्थापन केली, तिचा उगम या गल्लीत आहे. या तरुणांनी पहिल्याने फार मोठे असे काही केले नाही: मुलांना वस्तीबाहेर नेले, त्यांच्याशी खेळले, त्यांना खाऊ दिला, त्यांच्या आयांशी बोलले. मला या कार्याचे महत्त्व वाटते ते नेमके या बोलण्यात. चारशे वर्षांत या शहराने मुलांसाठी पुष्कळ काही ठरविले होते, पण त्यांच्याजवळ बसून त्यांचे ऐकणे ही गोष्ट नवी होती. पुढे निवासी प्रकल्प उभा राहिला, सोडून दिलेल्या तान्ह्या मुलांसाठी स्नेहांकुर हे दत्तकविधान केंद्र निघाले. मुंबईस १९९६ साली सुरू झालेल्या १०९८ या बालकांसाठीच्या दूरध्वनी सेवेचे नगरमधील काम याच संस्थेकडे आले. मुलाने, किंवा मुलाविषयी कोणीही, चार आकडे फिरवावेत आणि पलीकडे ऐकणारा मनुष्य असावा, ही साधी व्यवस्था. पण ज्या घराच्या उंबरठ्याशी कायदा थबकत होता, त्या घरातून हाक बाहेर येण्यास प्रथमच एक वाट झाली. शेजारच्या घरात पोराला मारताना ऐकू आले तरी ‘त्यांच्या घरची गोष्ट’ म्हणून खिडकी लावून घेणाऱ्या शहराला हा मोठाच पालट होता. २०१२ च्या लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाच्या कायद्याने तर अशा अपराधाची माहिती असूनही ती न कळविणे हाच स्वतंत्र अपराध ठरविला.

या जिल्ह्याच्या अलीकडच्या इतिहासातील दोन खटले एकमेकांशेजारी ठेवून पाहिल्यावाचून हे प्रकरण पुरे होत नाही. २८ एप्रिल २०१४ रोजी जामखेड तालुक्यातील खर्डा येथे सतरा वर्षांच्या एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलत असल्याच्या संशयावरून त्याला शाळेतूनच मारीत नेले, असे फिर्यादी पक्षाचे म्हणणे होते. १३ जुलै २०१६ रोजी कर्जत तालुक्यातील कोपर्डी येथे पंधरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार करून तिची हत्या करण्यात आली, आणि त्या घटनेने सारा महाराष्ट्र रस्त्यावर आला. दोन्ही गावे खेडी. पण दोन्ही खटले चालले ते नगर शहरात, जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात, आणि दोन्हींचे निकाल लागले ते एकाच महिन्यात. नोव्हेंबर २०१७ च्या २३ तारखेस खर्ड्याच्या खटल्यातील सर्व आरोपी निर्दोष सुटले, आणि २९ तारखेस कोपर्डीच्या तिन्ही आरोपींना फाशीची शिक्षा सुनावली गेली.

खर्ड्याच्या खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले होते. मेलेले मूल साक्ष देऊ शकत नाही. ज्यांनी द्यावयाची, ती सारी मोठी माणसे होती, गावात राहणारी, शेजारपाजारची, आणि काही तर त्या मुलाला वर्गात रोज पाहणारी. ती पिंजऱ्यात उभी राहिली, आणि आपण काही पाहिले नाही असे तिथे सांगितले गेले. त्या आठवड्यात नगरच्या कचेरीच्या आवारात दोन मुलांचे आईबाप येऊन गेले. एका घरच्यांना न्यायासनाकडून उत्तर मिळाले. दुसऱ्या बापाला आपल्या मुलाला कोणी मारले या प्रश्नाचे उत्तर न मिळताच खर्ड्यास परतावे लागले.